‘कॉस्च्युम सक्तीचा’, पण कोणता?

महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली की पोहण्याच्या तलावांच्या दारात रोज एकच वाद झडतो. पाटीवर ‘कॉस्च्युम सक्तीचा’ एवढेच लिहिलेले असते आणि आलेल्या माणसाने तर दुकानातून ‘ट्रंक’ मागून आणलेली असते. अंतर्वस्त्रांच्या दुकानात ट्रंक म्हणजे आखूड पायांची सुती चड्डी. खेळसाहित्याच्या दुकानात त्याच नावाने पोहण्याची नायलॉनची मिळते. घडी घातलेली असताना दोन्ही सारख्याच दिसतात. सुती चड्डी मात्र पाणी पिऊन लोंबते, शिवाय तिचे सुटे तंतू गाळणीत अडकतात.

बर्म्युडा घरात आणि फिरायला घालायची. तशीच दिसणारी ‘बोर्ड शॉर्ट’ लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांची. तिचे कापड चटकन वाळते, पण ती ढगळ असते. सूर मारला की खिशात हवा भरते, पाय मारताना पाणी अडते. ‘जॅमर’ कमरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत अंगाला चिकटून बसतो. पाय झाकायचे असतील त्याने बर्म्युडाऐवजी जॅमर घ्यावा. तलावातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१० पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर किंवा गुडघ्याखाली जाऊ देत नाहीत. कारण आदल्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या (रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले होते!

मुलींना अंग झाकायचे म्हणून सुती लेगिंग आणि टी-शर्टवर उतरवतात, हे सर्वांत वाईट. भिजलेला टी-शर्ट वर तरंगून तोंडाशी येतो, हात जड होतात. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंत पाय झाकणारे नायलॉनचे कॉस्च्युम मिळतात, ते घ्यावेत.

‘लायक्रा’ हे कापडाचे नाव नव्हे. तो इलास्टेन या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा एक ब्रँड आहे. नायलॉनमध्ये साधारण पाचवा हिस्सा हा धागा असतो आणि क्लोरीन आधी त्यालाच खाते. कॉस्च्युम उजेडाकडे धरून बसण्याच्या जागी ताणावा. आरपार दिसले किंवा बारीक रबरी टोके बाहेर आली असली, तर तो टाकावा. पोहून झाल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळवला तर जास्त टिकतो.

पाटीवर एक ओळ वाढवली तरी दारातला वाद मिटेल: ‘नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, अंगालगत बसणारा, बिनखिशाचा पोशाख, आत सुती चड्डी नको.’

– दोन जलतरण प्रशिक्षक, पुणे