सही काळी झाली, त्यात उमेदवाराचा काय दोष?

महोदय,

भरतीच्या ऑनलाइन अर्जांत सहीच्या चौकटीत नुसता काळा पट्टा आल्यानं अर्ज बाद झाल्याची बातमी आपण गेल्या आठवड्यात छापलीत. ‘उमेदवारांचा निष्काळजीपणा’ असा तिचा सूर होता. मी मिरजेत वीसेक वर्षं डीटीपी आणि वेबसाइटची कामं करतो. म्हणून उमेदवारांच्या बाजूनं चार शब्द.

तसाच एक अर्ज परवा माझ्या दुकानात आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीनं काळ्या पेनानं कोऱ्या कागदावर सही केली, मोबाइलवर फोटो काढला आणि कागदाची सावली दिसते म्हणून एका अ‍ॅपनं मागचा कागदच पुसून टाकला. राहिली फक्त शाई. ही पारदर्शक पीएनजी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) तिनं अर्जात टाकली, तेव्हा पानावर सही छान दिसली. पैसे भरून प्रिंट काढली, तर सहीच्या जागी डांबर.

पीएनजीत प्रत्येक ठिपक्याच्या रंगासोबत तो किती पारदर्शक आहे हेही लिहिता येतं. 0 म्हणजे काच, 255 म्हणजे भिंत. जेपीजी या फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात हा रकानाच नाही. त्या अर्जाचं पान मी उघडून पाहिलं. चित्र ब्राउझरमध्येच लहान करून त्याची जेपीजी केली जाते आणि ती पुढे जाते. उमेदवाराला मात्र पानावर मूळ पीएनजी दाखवतात, पांढऱ्या पानावर ठेवलेली. आणि ब्राउझरमध्ये अशी जेपीजी करताना पारदर्शक भागाखाली काळा रंग धरायचा, असा वेबच्या मानकांतच नियम आहे. काळ्या शाईखाली काळा रंग, मग दिसणार काय? निळ्या पेनानं सही केली असती तर निदान दिसली असती, पण सूचनेत काळीच शाई सांगितलेली!

उपाय एका ओळीचा आहे. चित्र ठेवण्याआधी खाली पांढरा रंग भरायचा. ती ओळ लिहायची कुणी? उमेदवारानं?

मला यात हसू येतं ते वेगळ्याच कारणानं. 2004 च्या सुमारास मी सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांची वेबसाइट केली होती. गर्द मरून रंगावर सतार, भोपळ्याखाली मऊ सावली. दोन रात्री बसून कडा कापल्या होत्या. माझ्याकडे फायरफॉक्स ब्राउझर, त्यात दृष्ट लागावी असं दिसायचं. ते गृहस्थ सायबर कॅफेत पाहून आले आणि म्हणाले, “सतार चांगली आहे हो, पण तिच्यामागं पोतं कशाला टांगलंय?”

कॅफेत इंटरनेट एक्सप्लोरर 6. पीएनजीला 1996 मध्येच मान्यता मिळालेली, पण 2001 च्या या ब्राउझरला तिची अर्धपारदर्शकता कळत नव्हती. तिथं तो राखाडी चौकोन दाखवायचा. जिफ हा चित्राचा जुना प्रकार वापरावा, तर त्यात ठिपका एक तर पूर्ण पारदर्शक नाही तर पूर्ण भरीव, मधलं काही नाही. सावली गेली, तारा करवतीनं कापल्यासारख्या झाल्या आणि भोपळ्याभोवती चुन्याची कड उमटली. शेवटी फक्त त्याच ब्राउझरसाठी असलेला ‘अल्फाइमेजलोडर’ नावाचा फिल्टर लावला. सतार सुधारली, पण तो पार्श्वभूमीला लावला की वरच्या लिंकवर क्लिकच होईना. ते कसं सोडवलं ते सांगत बसत नाही, आपली जागा पुरायची नाही. 2006 मध्ये सातवी आवृत्ती आली, तिला हे जमलं. तरी आमच्याकडच्या कित्येक ऑफिसांतल्या विंडोज एक्सपीवर सहावी पुढं वर्षानुवर्षं ठाण मांडून होती.

तेव्हा ब्राउझरांचं एकमेकांशी पटत नव्हतं म्हणून चित्र बिघडायचं. आता सगळे एकमतानं काळं करतात. चूक मात्र तीच, माझी तेव्हाची आणि अर्ज बनवणाऱ्यांची आजची. आपल्या टेबलावर नीट दिसलं की काम झालं असं समजायचं.

यात आपणही आलात, राग नसावा. मोबाइल ‘डार्क’वर ठेवून आपली वेबसाइट उघडली, तर वर वर्तमानपत्राचं नावच दिसत नाही. अक्षरं काळी, मागचं पारदर्शक, पान काळं. माझ्या वडिलांनी दोनदा विचारलं, “हा पेपर कुठला?” गडद पानासाठी दुसरं चित्र देण्याची सोय ब्राउझरांत आहे. आपल्या तंत्र विभागाला ती माहीत असणारच.

वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या सहीखाली मी पांढरा थर घातला आणि दुकानातच जेपीजी करून दिली. दुरुस्तीची मुदत त्याच रात्री संपत होती. सव्वानऊला प्रिंट निघाली, सही दिसते आहे. ज्यांना असं शेजारी दुकान नव्हतं, त्यांचे अर्ज पुन्हा तपासणार का, हे आपल्या बातमीदारानं संबंधित खात्याला विचारावं, ही विनंती.

– एक डीटीपी व्यावसायिक, मिरज