ते वाद्यं जुळवणं नव्हतं, ती चाल होती

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान पाचवर मारबत चित्रमालिकेच्या कार्यक्रमाची बातमी आली (मारबत म्हणजे आपल्या नागपुरात मिरवणूक काढून जाळतात तो पुतळा; माझ्या मैत्रिणीने त्यावर काढलेली सहा चित्रं आणि त्यांच्यासोबत आमचं संगीत, असा कार्यक्रम होता), 'चित्रांना सुरांची साथ' असं शीर्षक देऊन. त्यात जिचा उल्लेख 'एक महिला वादक' असा आहे ती मी. कालच लिहिणार होते पण रागात काहीतरी वाकडं लिहिलं जाईल म्हणून थांबले, आज सकाळी शिकवण्या सुरू व्हायच्या आधी परत वाचली आणि राग तेवढाच आहे म्हणून लिहितेय.

बातमीच्या शेवटी वाक्य आहे की 'दोन चित्रांच्या मध्ये वादक आपापली वाद्यं जुळवून घेत होते'. साहेब, ते जुळवणं नव्हतं. ती चाल होती, म्हणजे चालणं. प्रदर्शनात माणूस एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चालत जातो नं, ते चालणं मी व्हायोलिन आणि ताशावर बांधलं होतं. पाच मात्रा, मग सहा, असं अकराचं आवर्तन, आणि पाचही वेळा ते वेगळं, कारण काळी मारबत पाहून निघालेला माणूस जसा चालतो तसा लहान मुलाचं चित्र पाहून निघालेला चालत नाही. सहा चित्रांच्या सहा रचना दोन महिन्यांत झाल्या, या चालीला चार महिने लागले. आणि ती छापून आली वाद्यं जुळवणं म्हणून.

ही कल्पना माझी नाही हे कार्यक्रमात मी माईकवर सांगितलं होतं, पण ते बातमीत नाही. रशियाचा संगीतकार मुसोर्गस्की, त्याचा चित्रकार मित्र हार्टमन १८७३ मध्ये वारला, फक्त ३९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी मित्रांनी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि ते पाहून मुसोर्गस्कीने जून १८७४ मध्ये जेमतेम तीन आठवड्यांत पियानोसाठी दहा चित्रांची संगीतमालिका लिहिली. त्या चित्रांमधून तो स्वतः फिरतोय, ते फिरणं पण त्याने लिहिलं, बहुतेक पाच आणि सहा मात्रांतच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चित्रांपेक्षा ते चालणंच जास्त लागलं होतं, मित्र गेलाय आणि हा त्याच्या चित्रांपुढून एकटा चालतोय.

बातमीत असंही म्हटलंय की 'चित्रं समोर नसती तर या संगीताला फारसा अर्थ उरला नसता'. हे मला मान्य नाही आणि ते फक्त माझ्यापुरतं नाही. हार्टमनची त्या प्रदर्शनातली बहुतेक चित्रं आज सापडतच नाहीत, हरवली. संगीत मात्र दीडशे वर्षं वाजतंय, १९२२ मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेलने ते ऑर्केस्ट्रासाठी बांधलं तेव्हापासून तर जगभर. रशियाच्याच रखमानिनोव्ह या संगीतकाराने १९०९ मध्ये एका चित्रावरून मोठी रचना केली ती तर त्या चित्राची काळीपांढरी छापील प्रत बघून सुचलेली. आपल्याकडे उलटं झालं, रागमालेच्या, म्हणजे रागांवरून काढलेल्या जुन्या चित्रांत राग आधी आणि चित्र नंतर, तोडीची रागिणी हातात वीणा घेऊन उभी आणि भोवती हरणं. पण तोडी गायला कुणी ते चित्र समोर ठेवत नाही. मग आमच्याच वेळी संगीत म्हणजे चित्राची साथ कसं काय झालं?

आता पिवळी मारबत. त्या रचनेला बातमीत 'बसंत रागातील' म्हटलंय. त्यात बसंत नाही. पिवळा रंग म्हणजे बसंत असं मला मैत्रिणीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सुचवलं होतं आणि मी सगळ्यांना नाही म्हटलं होतं. मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भादव्याच्या पहिल्या दिवशी, बाहेर चिखल आणि दमट ऊन असतं, तिथे वसंत ऋतू कुठून आणू? मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून इतवारीत मारबत बघायची. 'घेऊन जा गे मारबत' ओरडताना बायका त्या 'गे' वर आवाज वर नेतात आणि मग एकदम सोडून देतात, तेवढेच सूर घेतलेत मी, पुढचं सगळं त्यातूनच वाढवलंय. त्याला राग नाही. शेवटच्या चित्रात मारबत जळून गेल्यावरची राख आहे, तिथे मात्र मारवा राग आहे, पंचम नाही आणि षड्जावर येणं शक्य तितकं लांबवलेलं. त्यावर बातमीत एक शब्द नाही, आणि मी सगळ्यात जास्त त्याच्याशी झगडले होते.

आयोजकांबद्दल पण सांगते कारण दोष फक्त वार्ताहरांचा नाही. तिसरी चाल सुरू असताना निवेदकांनी माईक घेऊन प्रायोजकांचे आभार मानायला सुरुवात केली. त्यांनाही ती मोकळी जागा वाटली. आम्ही वाजवत राहिलो, ताशावाल्याने आवाज इतका कमी केला की फक्त बोटं फिरत होती, पण मात्रा सोडली नाही. पाच, सहा, पाच, सहा. मला तेव्हा रडू आलं होतं.

ताशा वाजवणाऱ्या याच मुलासाठी खरं तर हे पत्र आहे. एकोणीस वर्षांचा आहे, पाचपावलीचा, लग्नात आणि मिरवणुकीत वाजवतो. अकरा मात्रा त्याने कधी वाजवल्या नव्हत्या. आमच्या घरी गच्चीवर सहा महिने येत होता, कामावरून थेट, कधी जेवलेला नसायचा. काल सकाळी साडेसातला त्याचा फोन आला. आईने दोन अंक विकत आणले होते. म्हणाला, "मॅडम, माहं नाव काहून नाही आलं?" बातमीत प्रमुख पाहुण्यांचं नाव तीनदा आहे, दीप कुणी लावला ते आहे, सूत्रसंचालन आणि आभार आहेत. वाजवणाऱ्या चौघांपैकी एकाचंही नाव नाही. मी त्याला काय सांगायचं होतं? मी म्हटलं चुकून राहिलं असेल, संपादकांना लिहिते.

आणि अजून एक, शनिवारच्या अंकात 'आज शहरात' मध्ये कार्यक्रमाची वेळ साडेसहा छापली होती, कार्यक्रम साडेपाचचा होता. माझ्या जुन्या विद्यार्थिनी वर्ध्याहून आल्या त्या राखेच्या चित्रापाशी पोचल्या, आधीचं सगळं गेलं त्यांचं.

चौघांची नावं आणि वाद्यं वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. दुरुस्ती छापाल तर कृपया तेवढी चार नावं पूर्ण छापा, माझं शेवटी टाकलंत तरी चालेल. येत्या महिन्यात आम्ही हेच परत वाजवतोय, या वेळी चित्रकार मैत्रिणीच्या घरच्या अंगणात, माईक नाही. तुमच्या वार्ताहरांना अर्धा तास आधी पाठवा. तो मुलगा त्यांना पाच आणि सहा हातावर मोजून दाखवेल.

आपली,
एक व्हायोलिन शिक्षिका
खामला, नागपूर