बायरन रम्फोर्ड साहेबांस, एका कलमाबद्दल

आदरणीय रम्फोर्ड साहेब,

तुम्ही 1986 मध्ये गेलात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना घर शोधायला मदत करताना आम्हाला रोज घर देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या तुमच्या कायद्याचा आधार मिळतो, म्हणून हे आभार उघडपणे मानायचे आहेत.

तुम्ही बर्कलीत सॅक्रामेंटो स्ट्रीटवर औषधांचं दुकान चालवत होतात. 1948 मध्ये तुम्ही कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीवर, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून गेलात आणि उत्तर कॅलिफोर्नियाने राज्याच्या विधिमंडळात पाठवलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरलात. नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यातला वर्णभेद, मग 1959 चा नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा, असं एकेक काम तुम्ही मार्गी लावत गेलात. पण आमचं खरं ऋण 1963 च्या विधेयक क्रमांक 1240 चं, म्हणजे या घरांच्या कायद्याचं आहे.

घरांबाबत 1959 पासून एक कायदा होताच, पण दाद मागायची तर ज्याला घर नाकारलं त्यानेच वकील करून कोर्टात जायचं. त्याला घर हवं असायचं याच महिन्यात, आणि खटला चालायचा वर्षानुवर्षं. तुम्ही नेमकं हेच कलम बदललंत. तक्रार सरकारी आयोगाने घ्यायची, चौकशी त्याने करायची, आधी समेट घडवून पाहायचा, नाहीच जमलं तर सुनावणी घेऊन आदेश काढायचा: तेच घर द्या, तसंच दुसरं द्या, किंवा 500 डॉलरपर्यंत भरपाई द्या.

सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, समितीत विधेयक आठवडेच्या आठवडे अडकलं. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, घुमटाखाली कार्यकर्ते ठिय्या देऊन बसले होते. बाहेर आलं तेव्हा त्याची व्याप्ती छाटलेली होती. पाच किंवा जास्त घरांच्या इमारती आणि सरकारी मदतीची घरं आत राहिली, पण लहान खासगी इमारतींचा मोठा हिस्सा वगळला गेला. सिनेटने दुरुस्ती केली की विधेयक पुन्हा असेंब्लीत मंजुरीला यावं लागतं, आणि 21 जून हा अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. मध्यरात्र उलटली असती तर सगळंच बुडालं असतं. तुम्ही ती काटछाट स्वीकारलीत आणि आयोगाचे अधिकार शाबूत ठेवलेत. आमच्या मते तुमच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. व्याप्ती नंतर वाढवता येते, आणि ती वाढलीही. अंमलबजावणीची यंत्रणाच नसेल तर वाढवायला काही उरत नाही.

नोव्हेंबर 1964 मध्ये प्रॉपोझिशन 14 हा तुमच्या कायद्याविरुद्धचा प्रस्ताव जनमतासाठी आला आणि सुमारे 65 टक्के मतांनी तुमचा कायदा निकामी झाला. 1966 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं आणि 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो निकाल उचलून धरला. मधल्या काळात, 1966 मध्ये, तुम्ही राज्य सिनेटची निवडणूक अगदी थोडक्या मतांनी हरलात. कायदा टिकला, पद गेलं. याची आम्हाला हळहळ वाटते.

तुमचा कायदा 1980 मध्ये नोकरीच्या कायद्याशी जोडला गेला. आज त्याचं काम राज्याचा नागरी हक्क विभाग पाहतो. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची असते. तरी तक्रारी कच्च्या राहतात, कारण लोक फक्त ‘आम्हाला नकार दिला’ एवढंच लिहितात. आम्ही सांगतो: जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, कोण काय बोललं ते त्याच संध्याकाळी शब्दशः लिहून काढा. ‘घर गेलं’ असं उत्तर आलं की तासाभरात दुसऱ्या कुणाला त्याच घराची चौकशी करायला लावा. त्याला घर रिकामं आहे असं सांगितलं, तर तोच सर्वांत मोठा पुरावा. मालक स्वतः राहतो त्या घरातली एकच खोली एकाच भाडेकरूला द्यायची असेल, तर तिथे सवलत आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

बर्कलीतली जुनी घरं घेणाऱ्यांच्या कागदपत्रांत कधीकधी ‘गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये’ अशी अट अजून छापलेली दिसते. तिला आता कायद्याने काडीची किंमत नाही, आणि काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात अर्ज दिला की ती खोडूनही मिळते.

सॅक्रामेंटो स्ट्रीटवर 2016 पासून तुमचा पुतळा उभा आहे. नव्या कुटुंबांना आम्ही तो आवर्जून दाखवतो.

आपले कृतज्ञ,
बे एरियात घर शोधायला मदत करणारे काही मराठी रहिवासी