मुंगळ्याच्या राणीची ओळख पटवून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर रंकाळ्याच्या काठावर मला सापडलेल्या राणी मुंगीची ओळख तुम्ही पटवून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. तुमचे आभार मी तेव्हाच तोंडी मानले होते, पण तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी मला जी उत्तरे ऐकावी लागली ती आठवली की तेवढ्याने भागत नाही असे वाटते, म्हणून हे चारचौघांत लिहीत आहे.

स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी मोबाईलवरचा फोटो क्षणभर पाहिला आणि ही चावऱ्या लाल मुंगीची राणी आहे, उकळते पाणी ओतून टाका, असे सांगून ते मोकळे झाले. दुसऱ्या एकांनी, आधी तिला स्पिरिटमध्ये बुडवून आणा, मग बघू, असे फर्मावले. आणखी एका ठिकाणी, एवढ्या मोठ्या माणसाला मुंगीचे नाव कशाला हवे, म्हणून हसण्यावारी नेण्यात आले. त्यांना माहीत नव्हते हे मी समजू शकतो, पण न पाहताच निकाल देण्याची त्यांची घाई मला आजही खटकते.

कारण त्या नावावर तिचे जगणे अवलंबून होते. काही मुंग्यांच्या राण्या पहिली पिल्ले वाढवताना स्वतः शिकारीला बाहेर पडतात आणि त्यांना खाऊ घातले नाही तर त्या मरतात. काही राण्या मात्र मीलनानंतर पंख गाळून स्वतःला कोंडून घेतात आणि निकामी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर व अंगातल्या चरबीवर पहिली पिढी पोसतात, तेव्हा त्यांना वारंवार डिवचणे हेच घातक ठरते. माझ्या हातातली राणी कोणत्या रीतीची हे कळल्याशिवाय तिला ठेवावे कसे, हा माझा साधा प्रश्न होता, आणि तो प्रश्न आहे हे पहिल्यांदा तुम्ही मान्य केलेत.

तुम्ही तिला नळीतून बाहेरही काढले नाही. भिंगाखाली तिची कमर दाखवलीत: छाती आणि पोट यांच्यामध्ये एकच गाठ होती, आणि त्या लाल मुंगीला दोन असतात, म्हणजे उकळत्या पाण्याचा सल्ला तिथेच निकालात निघाला. पोटाच्या टोकाला नांगी नव्हती, केसांची झालर असलेले बारीक गोल छिद्र होते, ज्यातून या मुंग्या फॉर्मिक आम्ल सोडतात. पोटावर सोनेरी लव नव्हती, दाट राखाडी लवही नव्हती, त्यामुळे आपल्याकडे आढळणाऱ्या आणखी दोन जाती बाद झाल्या. हे सगळे तुम्ही मला माझ्या डोळ्यांनी पाहायला लावलेत, नुसते सांगितले नाहीत.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यानंतरचे. नळीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर तुम्ही पेन्सिलने ‘कॅम्पोनोटस’, म्हणजे मुंगळ्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव, एवढेच लिहिलेत, पुढे जातीसाठी जागा कोरी सोडलीत, आणि खाली बारीक अक्षरात ‘कामकरी आल्यावर पाहू’ अशी नोंद केलीत. हा आपला नेहमीचा काळा मुंगळा असावा असे तुम्ही बोलता बोलता म्हणाला होता. मी आग्रहही केला होता की तेच लिहून टाका. तुम्ही हसून नकार दिलात. इतकी वर्षे हा विषय शिकवणारी व्यक्ती, समोर काहीही न समजणारा माझ्यासारखा माणूस, खोडून काढणारे कोणी नाही, आणि तरीही जेवढे दिसले तेवढेच लिहायचे, हा सचोटीचा प्रकार मला फार दिवसांनी पाहायला मिळाला. आपल्या पेठांमध्ये ठाम बोलणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. अडलेल्या माणसाचा वेळ आणि शंका दोन्ही जपणारी माणसे मात्र शोधावी लागतात. ती ज्या वर्गात शिकवतात तिथल्या मुलांचा मला हेवा वाटतो.

श्रावणात पहिल्या चिमुकल्या कामकरी मुंग्या निघाल्या, तेव्हा तुम्ही सुट्टीच्या दिवशी वेळ काढून त्या पाहिल्यात आणि कोऱ्या जागेत ‘कॉम्प्रेसस’ हा शब्द, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या मुंगळ्याच्या जातीचे नाव, भरलात. या जातीला फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञांनी १७८७ साली नाव दिले हेही त्याच वेळी सांगितलेत. तेव्हासुद्धा तुमच्या हाती पेन्सिलच होती, कारण मोठ्या डोक्याचे मुंगळे, म्हणजे वसाहत वाढल्यावर येणारे थोराड कामकरी, पाहिल्याशिवाय शाई वापरणार नाही, असे तुमचे म्हणणे होते.

वसाहत वाढेल तसे ते मुंगळे दिसू लागतील. त्यांतले जे आपसूक मरतील ते जपून ठेवून मी तुमच्या विभागातील संग्रहासाठी आणून देईन. चिठ्ठी नळीवर तशीच आहे, तीही सोबत आणेन.

आपला कृतज्ञ,
रंकाळ्याजवळचा एक रहिवासी, कोल्हापूर