आई, तुझं कन्नड आणि माझं स्पॅनिश

वालेन्सिया, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं ऑफिस तर सगळं इंग्रजीत चालतं, मग ही स्पॅनिशची कटकट कशाला मागे लावून घेतलीस?" तिकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले.

तीन वर्षं मी इथे इंग्रजीवर काढली. सुपरमार्केटात तर बोलायचीही गरज पडत नाही. वस्तू उचलायची, मशीनसमोर धरायची, कार्ड लावायचं आणि निघायचं. कुठे अडलंच तर मोबाइल भाषांतर करून देतो. काही अडत नव्हतं, पण त्या तीन वर्षांत आमच्या जिन्यावरच्या एकाही माणसाशी मी 'ओला'च्या, म्हणजे 'नमस्कार'च्या, पुढे बोलले नव्हते.

मग २८ एप्रिल २०२५ चा तो दिवस आला. दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ अख्ख्या स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. तेव्हा फोनवर मी तुम्हाला "काही नाही, लाइट गेले होते" एवढंच म्हटलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. सिग्नल बंद, मेट्रो बंद, कार्ड चालेना, आणि थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली. आमच्या इमारतीखालच्या बाकावर एक आजोबा सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन बसले होते. भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती, त्यांत मीही जाऊन उभी राहिले. निवेदक भराभरा बोलत होता. ऐकता ऐकता लोकांचे चेहरे बदलत होते, एका बाईने कपाळाला हात लावला. काय झालंय, युद्ध की अपघात, मला काही कळेना. भाषांतर करणारा मोबाइल नुसता हातात होता.

समोरच्या दारातल्या आजींनी माझा हात धरला आणि एक वाक्य म्हटलं. मग तेच पुन्हा, सावकाश. मग तिसऱ्यांदा. मी मान हलवली. त्यांनी मला वर नेलं, एक मेणबत्ती दिली, पाव आणि टोमॅटो दिले. त्या काय म्हणाल्या ते मला आजही माहीत नाही. सप्टेंबरात मी सरकारी भाषाशाळेत नाव घातलं ते त्या वाक्यासाठी, बाबा.

वर्गात युक्रेनची एक आई आहे, मोरोक्कोचे दोघे भाऊ, एक डच गृहस्थ, आणि मी. तुम्हाला वाटत असेल मराठी माणसाला हे सगळं परकं. तसं नाही. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं'. रचना अगदी आपली. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लास नारांखास', मला संत्री आवडतात. क्रियापद ज्याला आवडतं त्या माणसाप्रमाणे बदलत नाही, जी आवडते त्या वस्तूप्रमाणे बदलतं. डच गृहस्थ अर्धा तास डोकं धरून बसले होते. मला ते मराठीनेच शिकवून ठेवलं होतं. कर्ताही बोलावा लागत नाही. 'आब्लो' म्हटलं की 'बोलते' झालं, 'मी' वेगळं म्हणायला नको. शिवाय त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवरचे. त्यांचा घोळणारा 'र्र' मात्र मला रोज आरशासमोर घोटावा लागतो.

आणि शब्द! वालेन्सियाच्या संत्र्याला इथे 'नारांखा' म्हणतात. तो शब्द आपल्याकडच्या 'नारंग'चा. इराण आणि अरबस्तानातून फिरत तो इथवर आला. साखरेला 'आथूकार', तीही 'शर्करा'च, त्याच वाटेने आलेली. 'पगार', आणि बहुधा 'साबण', 'मेज' हेही, आपण पोर्तुगीजांकडून घेतले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून 'पागार', 'खाबोन', 'मेसा' ऐकलं की कान टवकारतात. इथला 'पागार' म्हणजे पैसे देणं, एवढाच फरक.

पण वर्गातली भाषा वेगळी आणि बाजारातली वेगळी, हे आई, तुला मी काय सांगावं.

मी शनिवारी मेर्कादो सेन्त्रालला जाते. १९२८ मध्ये बांधून झालेला बाजार आहे, वर रंगीत काचा आणि घुमट. सुरुवातीला भाजीच्या ठेल्यापुढे मी नुसती उभी राहायचे. माझ्यानंतर आलेल्या बायका भाजी घेऊन जायच्या आणि मी तिथेच. मला वाटायचं, परकी दिसते म्हणून डावलतात. दोन-तीनदा घरी येऊन रडलेही. मग आजींनी सांगितलं, की इथे रांग दिसत नाही, पण असते. ठेल्यापाशी आलं की मोठ्याने विचारायचं, "कियेन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं. त्या माणसाच्या मागे आपला नंबर. मग कुठेही उभे राहा. मी विचारतच नव्हते, म्हणून कोणाच्या लेखी मी रांगेतच नव्हते.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाज घशातच राहिला. दुसऱ्यांदा एका काकांनी हात वर केला. माझी पाळी आली तेव्हा भाजीवाली म्हणाली, "दिमे, रेइना." बोल गं राणी. आई, अगदी हेच शब्द. मी अर्धा किलो टोमॅटो मागितले आणि तिने वरून पार्स्लेची एक जुडी फुकट टाकली, आपल्याकडे कोथिंबीर टाकतात तशी.

आजींकडे आता दर बुधवारी संध्याकाळी जाते. सुरुवातीला मी त्यांना 'उस्तेद' म्हणायचे, म्हणजे 'तुम्ही'. ऐंशी ओलांडलेल्या बाईला 'तू' म्हणायला जीभ वळेना. त्या म्हणाल्या, "मला तू म्हण, नाहीतर मी म्हातारी वाटते." पण जमेना. मग एकदा लक्षात आलं की बाबांना मी 'अहो' म्हणते आणि तुला 'अगं'. त्यांना तुझ्या जागी बसवलं आणि 'तू' आपोआप आलं. मागच्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर माझ्या हातून कप फुटला. मी चाचरत म्हटलं, "से मे आ काईदो." म्हणजे 'माझ्या हातून पडला'. 'मी पाडला' असं नाही. त्यांनी तुकडे गोळा करत माझं वाक्य दुरुस्त केलं नाही, कारण ते बरोबर होतं.

त्या आपल्या बहिणीशी फोनवर वालेन्सियन बोलतात, ती इथली मूळची भाषा. म्हणजे अजून एक शिकायची आहेच. मिरजेच्या बाजारात मराठी-कन्नड जसं एकमेकांत मिसळतं तसं इथे या दोन भाषांचं चालतं.

आई, तू १९८४ मध्ये बाबांच्या रेल्वेच्या बदलीने हुबळीला गेलीस तेव्हा तेवीस वर्षांची होतीस. तुला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. बाबा ड्यूटीवर, शेजारी कोणी मराठी नाही, आणि मी कडेवर. मोठी झाल्यावर मी तुझ्या 'एष्टु'ला (किती), 'गोत्तिल्ल'ला (माहीत नाही) हसायचे, तुझी नक्कल करून मावशीला दाखवायचे. तूही हसायचीस. तुला तेव्हा कोणती शाळा होती? वहीपण नव्हती. पाणी कुठून भरायचं, डॉक्टर कुठे, हे सगळं तू कोणाला आणि कसं विचारलंस, मी कधी विचारलंच नाही. मला त्या हसण्याची फार लाज वाटते आहे, आई. माफ कर.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, चहाच्या आधी आठवण ठेवून. मार्चमध्ये याल तेव्हा आजींना भेटायचंच आहे; त्या तुम्हाला काय विचारतील ते मी मराठीत सांगेन आणि तुमचं उत्तर त्यांना स्पॅनिशमध्ये.

आणि आई, पुढच्या रविवारी कुकर उतरवून ठेव आणि मला निवांत सांग. हुबळीच्या बाजारात पहिल्या दिवशी तू काय घ्यायला गेली होतीस, आणि ते मागितलंस कसं?

तुमची,
ताई

ता. क. — भाकरीच्या पिठाचा फोटो आजींना दाखवला. करून दाखव म्हणाल्या. ज्वारी इथे कुठे मिळते ते शोधते आहे. त्यासाठी लागणारे शब्द आता मला येतात.