पहिला बॉल खेळणारे नावले

मा. संपादक, स.न.वि.वि.

भारताच्या पहिल्या टेस्टचा विषय निघाला की सगळे कॅप्टन सी. के. नायडूंपाशी थांबतात, नायडू थोरच, वादच नाही, पण टेस्टमध्ये भारतासाठी पहिला बॉल कोणी खेळला हे दहा जणांना विचारा, नऊ जण गप्प बसतील. जनार्दन नावले! फुलगावचे, आपल्या पुणे जिल्ह्यातले. २५ जून १९३२, लॉर्ड्स. आधी कीपिंग, तेही मोहम्मद निसारच्या स्पीडला आणि अमर सिंगच्या स्विंगला, आणि त्या काळचे ग्लोव्ह्ज काय असणार सांगा. इंग्लंडचे ओपनर सटक्लिफ आणि होम्स, त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ ची ओपनिंग केलेली, निसारने दोघांच्याही दांड्या उडवल्या, इंग्लंड ३ बाद १९. मग हाच माणूस पॅड बांधून ओपनिंगला. १२ आणि १३ रन. आकडे छोटे आहेत, मान्य, पण समोर इंग्लंडचा फास्ट बॉलर बिल बोस होता राव! नंतर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर अजून एक टेस्ट मिळाली आणि संपलं. १९७९ मध्ये पुण्यातच गेले.

तुमच्या स्पोर्ट्स पानावर आयपीएलच्या लिलावाला रोज अर्धं पान असतं, त्यातला एक कॉलम नावलेंना द्या की.

एक वाचक, पुणे