'लोपामुद्रा' या नावाचा अर्थ यादीत देताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावर मुलगी जन्मली की पंचांगातून 'लो' हे आद्याक्षर निघते. मग बारशाच्या आधी घरातली मंडळी नावांच्या याद्या चाळू लागतात. 'लो'वरून मुलींची नावे मुळात थोडी, त्यामुळे 'लोपामुद्रा' बहुतेक याद्यांत असतेच. समोर अर्थ छापलेला असतो, 'विदुषी' किंवा 'अगस्त्य ऋषींची पत्नी'. कुठे 'कावेरी नदी' असेही असते. यातला एकही या शब्दाचा अर्थ नव्हे. ही त्या नावाच्या स्त्रीची ओळख झाली. अर्थ म्हणून ती छापली की घरातले कोणीतरी हमखास विचारते, "लोप म्हणजे नाहीसे होणे ना? मुलीला असले नाव कशाला?" आणि नाव तिथेच मागे पडते. म्हणून हे पत्र.

आधी शब्दच पाहू. मराठीत लोप म्हटले की नाश डोळ्यांसमोर येतो. पाणिनीने लोपाची व्याख्या 'अदर्शनं लोपः' अशी केली आहे (अष्टाध्यायी १.१.६०). लोप म्हणजे न दिसणे. अक्षर तिथे असायला हवे, पण ते दिसत नाही, एवढाच व्याकरणातला लोप. त्यात अशुभ काही नाही.

दुसरा प्रश्न त्या दीर्घ 'पा'चा, आणि याद्या करणाऱ्यांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. 'लोप' आणि 'मुद्रा' यांचा सरळ समास केला तर 'लोपमुद्रा' होईल, 'लोपामुद्रा' नाही. मग हा आ आला कुठून? परंपरेने याची एकाहून अधिक उत्तरे दिली आहेत. एका फोडीत पहिला शब्दच 'लोपा' धरतात, म्हणजे जिच्यापुढे इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपतो ती. दुसऱ्या फोडीत 'लोप' आणि 'अमुद्रा' असे दोन भाग करतात. 'मुद्' म्हणजे आनंद आणि 'रा' म्हणजे देणे; पुढे 'अ' लागला की ते नाकारले जाते. पतीच्या सेवेत खंड पडला, तिचा लोप झाला, तर जिला आनंद नाही ती लोपामुद्रा. लोकांत जास्त रुजलेले स्पष्टीकरण महाभारतातल्या कथेवर उभे आहे: निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तम अवयव घेऊन ती घडवली गेली, म्हणून त्यांच्या सौंदर्याची मुद्रा तिच्यात लोपली. माझ्या मते ही सगळी स्पष्टीकरणे नाव आधीच रूढ झाल्यावर रचलेली आहेत. वेदातली बरीच विशेषनामे अशीच आहेत, त्यांचा एकच पक्का अर्थ सांगता येत नाही. यादीत 'व्युत्पत्ती अनिश्चित; ऋग्वेदातील ऋषिका' एवढेच छापले तरी ते खरे ठरेल.

ती ऋषिका, म्हणजे जिच्या नावावर वेदातल्या ऋचा आहेत अशी स्त्री आहे, याबद्दल मात्र शंका नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले १७९ वे सूक्त सहा ऋचांचे आहे. परंपरेप्रमाणे पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्याच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या. सूक्ताची देवता रती. 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा' अशी सुरुवात होते. कितीतरी शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, प्रत्येक उषा वार्धक्य जवळ आणते आहे, जरा देहाची शोभा हरण करते, असे ती नवऱ्याला तोंडावर सांगते. तप चालू राहील, पण संसाराचे काय, हा तिचा प्रश्न आहे. तिचे नाव चौथ्या ऋचेत येते. नुसत्या 'अमक्याची पत्नी' या ओळखीत ही बाई मावत नाही. घोषा, अपाला, विश्ववारा या वेदातल्या इतर ऋषिकांच्या रांगेत ती बसते.

आणि ती आपल्या विदर्भाची आहे. हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्याची कथा येते. खड्ड्यात उलटे टांगलेले पितर त्याला दिसतात आणि संतती हवी म्हणतात. मनाजोगती स्त्री मिळत नाही, म्हणून तो एक कन्या निर्माण करतो आणि अपत्यासाठी झुरणाऱ्या विदर्भराजाला देतो. ती त्या राजवाड्यात लहानाची मोठी होते. नावही तिथल्या ब्राह्मणांनीच ठेवले, असे महाभारत सांगते. पुढे अगस्त्य मागणी घालतो तेव्हा राजा-राणीचा जीव तळमळतो. तीच वडिलांना म्हणते, माझ्यासाठी दुःख करू नका, मला त्यांना द्या. उंची वस्त्रे आणि दागिने टाकून ती वल्कले नेसते.

पुढे गंगाद्वारी (हरिद्वारला) तप झाल्यावर ती नवऱ्याला अट घालते. माहेरी होती तशी शय्या हवी, दोघांच्याही अंगावर अलंकार हवेत, आणि हे सगळे मिळवताना तुमचे तप मात्र खर्ची पडता कामा नये. धन मागायला अगस्त्य श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांकडे जातो. प्रत्येकाचा आय-व्यय तपासतो. जमा तेवढाच खर्च असल्याचे दिसल्यावर कोणाकडूनही काही घेत नाही, कारण घेतले तर प्रजेला पीडा झाली असती. शेवटी इल्वल या असुराकडून धन मिळते. त्याचा भाऊ वातापी याला अगस्त्याने पचवून टाकले, ती गोष्ट हीच. हजार पुत्र हवेत, दहांच्या तोडीचे शंभर, शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना जिंकणारा एक, असे अगस्त्य विचारतो. ती एकच मागते. तो मुलगा दृढस्यू. लहानपणापासून वडिलांसाठी समिधा वाहून आणी म्हणून त्याला इध्मवाह म्हणू लागले.

रुक्मिणी, दमयंती, इंदुमती आणि लोपामुद्रा या चौघी विदर्भकन्या. रुक्मिणीला पंढरपूर मिळाले, रखमा आणि रखुमाई होऊन ती घरोघर पोचली. इंदुमती आणि दमयंती ही आजी-पणजीच्या पिढीत सहज आढळणारी नावे. लोपामुद्रा मात्र माहेरीच दुर्मीळ राहिली. बंगाली आणि ओडिया घरांत हे नाव त्या मानाने बरेच ऐकू येते. गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते बंगालबाहेरही पोचले. आपल्याकडे २०१६ साली नागपूरच्या लोपामुद्रा राऊत सौंदर्यस्पर्धेमुळे आणि पुढे टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे चर्चेत आल्या, तेव्हा कित्येकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. खरे तर नकळत ते अनेक घरांत उच्चारले जाते. ललितासहस्रनाम म्हणणाऱ्या स्त्रिया 'लोपामुद्रार्चिता' म्हणतात, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती देवी. श्रीविद्येतली, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेतली, हादी परंपराही तिच्याच नावाने ओळखली जाते. अमरकोश हा संस्कृत शब्दकोश पाठ करणाऱ्यांना 'लोपामुद्रा सधर्मिणी' हे आठवेल. नाटककार भवभूतीने तर उत्तररामचरित या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी तिला फार जिव्हाळ्याचे काम दिले आहे: राम पंचवटीकडे येतो आहे, त्याला जपा, असा निरोप ती मुरला नदीकरवी गोदावरीला धाडते. कावेरीशी तिचे नाते कर्नाटकातल्या कोडगूकडच्या कथांत आहे. पण म्हणून नावाचा अर्थ 'कावेरी' होत नाही.

नाव ठेवायचे ठरलेच तर काही गोष्टी आधी पाहाव्यात. देवनागरीत अक्षरे चारच, लो-पा-मु-द्रा. 'मु' ऱ्हस्व लिहायचा. पुढे जोडाक्षर असल्याने उच्चारात त्यावर आघात येतो आणि छंदात तो गुरू होतो. चारही अक्षरे गुरू, आठ मात्रा. त्यामुळे पाळण्यात हे नाव ओढून म्हणता येते आणि लांबून हाक मारायलाही सोपे जाते. घरात 'लोपा' होईल, हे गृहीत धरावे. ते आवडत नसेल तर हे नाव ठेवू नये, कारण चार अक्षरी नाव कोणी रोज पूर्ण घेत नाही.

खरी चूक होते कागदपत्रांत. रोमन लिपीत या नावाची नऊ अक्षरे होतात. तिथे 'प' आणि 'पा' यांत फरक राहत नाही, म्हणून रोमनवरून यंत्राने परत देवनागरी केले की 'लोपमुद्रा' उमटते. आधारच्या अर्जात स्थानिक भाषेतले नाव असेच आपोआप भरले जाते. तिथे काना आहे का ते पाहूनच पुढे जावे. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, ती संधी कान्यासाठी खर्च करू नये. 'पा'साठी रोमनमध्ये दोनदा 'ए' लिहिण्याचा मोहही टाळावा, नाहीतर शाळेचा दाखला एक सांगतो आणि पासपोर्ट दुसरेच. 'लोपा मुद्रा' असे तोडून तर मुळीच लिहू नये. अर्जातल्या रकान्यात 'मुद्रा' हे मधले नाव होऊन बसते आणि वडिलांचे नाव पुढे ढकलले जाते.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी चालते. नावाशिवाय नोंद झाली असेल तर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क भरता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. त्यामुळे दवाखान्यातल्या घाईत कोणाच्या तरी हातून चुकीचे नाव लिहवून घेण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवावा आणि नंतर दोन्ही लिप्यांत स्वतः लिहून द्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा मुख्य पुरावा जन्मदाखलाच आहे. पुढची सगळी कागदपत्रे त्याच्यावरून होतात, म्हणून तिथला काना सर्वांत महत्त्वाचा.

आपल्या पुरवणीत नावांची यादी पुन्हा छापली जाईल तेव्हा शब्दाचा अर्थ आणि त्या नावाची व्यक्ती यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आणि लोपामुद्रेपुढे 'ऋग्वेद १.१७९, विदर्भराजाची कन्या' एवढे जरूर घालावे, ही विनंती.

आपला नम्र,
संस्कृतचा एक अध्यापक, अमरावती